यंत्र आपल्या हाताच्या मापाचें

शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे आमच्या लोहाऱ्यांतील पुष्कळ घरांत एक प्रश्न उभा राहतो: आतां लॅपटॉप कोणता घ्यावयाचा? पूर्वीच्या पिढीनें अशा प्रसंगीं सायकल मागितली, तिच्या आधींच्या पिढीनें मनगटी घड्याळ मागितलें. आजचीं मुलें संगणक मागतात. ही मागणी वावगी नाहीं. येथल्या औद्योगिक वसाहतींत जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, यवतमाळास शासकीय तंत्रनिकेतन आहे. ज्यास तेथें जाऊन यंत्रांचे आराखडे काढावयाचे आहेत त्याचें संगणकावांचून चालणार नाहीं. आमचा आक्षेप मागणीवर नाहीं, ती पुरी करण्याच्या रीतीवर आहे.

दुकानांत जावें, चकचकीत झांकणाचें सर्वांत स्वस्त नवें यंत्र निवडावें, आणि जवळ पैसे नसल्यास हप्ते बांधून तें घरीं आणावें, ही ती रीत होय. कापूस घरीं येण्याआधींच त्याचे पैसे खर्चीं पडणें म्हणजे काय, हें या जिल्ह्यांतील पालकांस आम्हीं सांगावयास नको. बरें, असें यंत्र दोन वर्षांत मंदावलें म्हणजे त्यास सुधारावें, तर तेंही अनेकदां साधत नाहीं. अशा पातळ यंत्रांपैकीं कित्येकांत रॅम मदरबोर्डासच डाख देऊन कायमची बसविलेली असते. ती वाढवावयाची म्हटली तरी जागा नसते. यंत्र फेंकावयाचें आणि पुन्हां नवे हप्ते बांधावयाचे, एवढाच मार्ग उरतो.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. दुबळें नवें यंत्र कर्जानें घेण्यापेक्षां भक्कम जुनें यंत्र रोखीनें घ्यावें. त्याची साठवण, त्याचा पडदा व त्याचा कळफलक हीं तीन अंगें आपल्या कामाप्रमाणें बदलावीं. आणि हें बदलण्याचें काम, वडील माणसांच्या देखरेखीखालीं, मुलांनीं आपल्या हातांनीं करावें.

ही कल्पना आम्हांस कोठून परदेशांतून आणावी लागली नाहीं. आमच्या गांवाच्या नांवांतच लोहार आहे. नांगराचा फाळ झिजला म्हणून शेतकरी नांगर टाकून देत नाहीं. वखराची पास बोथटली तर तो ती भात्यापाशीं नेतो. बंडीच्या चाकाची धाव सैल झाली तर ती तापवून पुन्हां चढवून घेतो. कुऱ्हाडीचा दांडा तर ज्याचा त्यानें आपल्या हाताच्या बेतानें तासावयाचा असतो. यवतमाळ ते मूर्तिजापूर या अरुंद रुळांवर धांवणारी शकुंतला आमच्या वडील पिढीच्या चांगली ओळखीची आहे. १९२१ सालीं मँचेस्टर येथें बांधलेलें वाफेचें इंजिन त्या गाडीस सत्तर वर्षांहून अधिक काळ ओढीत होतें. १९९४ सालीं तें निवृत्त झालें तेव्हां त्याच रुळांवर डिझेलचें इंजिन जोडण्यांत आलें. पुढें ती गाडीही थांबली, हें खरें; परंतु जें अंग थकलें तेंच बदलावें, हा धडा ती देऊन गेली.

आतां जुनें यंत्र म्हणजे कोणतें? वाटेल तें नव्हे. वर्कस्टेशन लॅपटॉप म्हणून एक जात आहे. अभियंते, वास्तुशिल्पी, चित्रपटांचे संकलक यांच्यासाठीं तीं यंत्रें बनवितात. तीं जाड असतात, वजनानें दोन-अडीच किलो किंवा अधिकही भरतात, त्यांचें खोकें मजबूत असतें, आराखडे व चित्रें झरझर रेखणारी स्वतंत्र चिप त्यांत असते, आणि मुख्य म्हणजे तीं उघडण्यासाठींच बांधलेलीं असतात. कांहीं थोडे स्क्रू काढले कीं पाठीचें झांकण निघतें व आंतील अंगें हातीं लागतात. मोठ्या कंपन्या तीं तीन-चार वर्षें वापरून एकगठ्ठा काढून टाकतात, आणि मग तीं नागपूर-पुण्याच्या जुन्या संगणकांच्या बाजारांत येतात. पातळ नवें यंत्र व जाड जुनें वर्कस्टेशन यांत तोच भेद आहे, जो शोभेच्या सुरींत आणि शेतांतल्या विळ्यांत असतो.

आम्ही हें केवळ पुस्तकी ज्ञानावर सांगत नाहीं. आमच्या परिचयाच्या एका शेतकरी कुटुंबांतील मुलानें तंत्रनिकेतनांत प्रवेश घेतला, आणि त्याची वडील बहीण लिपिक-टंकलेखक पदाच्या परीक्षेची तयारी करीत होती. दोघांस मिळून एक यंत्र हवें होतें. आमच्या सल्ल्यावरून त्यांच्या वडिलांनीं नागपुराहून एक जुनें वर्कस्टेशन आणलें. खोकें भक्कम, चिप उत्तम. परंतु यंत्र चालूं होण्यास घरांतला चहा होऊन पिऊन व्हावा इतका वेळ लागे, पडदा बाजूनें पाहिल्यास काळवंडे, आणि कळफलकावरील तीन कळा मुक्या होत्या. वडिलांनीं आमच्याकडे ज्या नजरेनें पाहिलें ती आम्ही विसरलों नाहीं. फसलों असेंच त्यांस वाटलें होतें, आणि सल्ला आमचा असल्यामुळें आम्हांसही त्या रात्रीं झोंप लागली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्ही व तीं दोन मुलें मिळून साठवणीपासून आरंभ केला. जुन्या हार्ड डिस्कमध्यें एक तबकडी फिरत असते. तिची गति मिनिटास ५,४०० फेरे, म्हणजे सेकंदास ९० फेरे असते. हवी ती माहिती सुईखालीं येण्यास सरासरीनें अर्धा फेरा, म्हणजे सेकंदाचा १८० वा भाग थांबावें लागतें, आणि सुई जागेवर सरकण्यास त्याहूनही अधिक वेळ जातो. हा काळ क्षुल्लक वाटतो. पण यंत्र चालूं होतांना असे हजारों थांबे घ्यावे लागतात, आणि थेंबें थेंबें तळें सांचतें. एस.एस.डी. या नव्या साठवणींत फिरणारें कांहींच नाहीं. माहिती चिपांमध्यें विद्युद्भाराच्या रूपानें राहते, व ती काढण्यास सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास वेळ पुरतो. सलग वाचनांत जुनी डिस्क सेकंदास शंभर मेगाबाइटांच्या आसपास देते, साटा जातीची एस.एस.डी. पांचशेंहून अधिक देते, आणि एन.व्ही.एम.ई. जातीची चांगली पट्टी तीन हजारांच्याही पुढें जाते. ही पट्टी अवघी २२ मिलिमीटर रुंद व ८० मिलिमीटर लांब असते; ती खांचेंत तिरपी घालून एका स्क्रूनें आवळली कीं काम झालें. मात्र विकत घेण्याआधीं आपल्या यंत्रांतील खांच कोणत्या जातीची आहे हें पाहावें. दिसावयास सारखी पट्टी दुसऱ्या जातीच्या खांचेंत निरुपयोगी ठरते.

पट्टी बसवून, नव्यानें विंडोज भरून, यंत्र पुन्हां चालूं केलें तेव्हां अर्ध्या मिनिटाच्या आंत पडदा उजळला. वडील कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं यंत्र बंद करावयास लावलें, आणि पुन्हां चालूं करावयास लावलें. जुनी डिस्कही आम्हीं टाकली नाहीं. बाहेरून जोडावयाच्या लहान डबींत ती घातली, आणि आठवड्यांतून एकदां सर्व कामाची प्रत तीवर उतरवून ठेवावयाची असा नियम केला. एस.एस.डी. बिघडते ती बहुधा सूचना न देतां, आणि तींतील माहिती परत मिळविणें फार कठीण असतें. म्हणून हा नियम प्रत्येक घरानें पाळावा.

दुसरें अंग पडद्याचें. स्वस्त पडद्यावर आडवे १,३६६ व उभे ७६८ ठिपके असतात. गुणाकार केल्यास ते १० लक्ष ४९ हजार ८८ होतात. १,९२० व १,०८० ठिपक्यांच्या पडद्यावर २० लक्ष ७३ हजार ६०० भरतात, म्हणजे जवळजवळ दुप्पट. आराखड्यांतील बारीक रेषा आणि मराठींतील जोडाक्षरें या दोहोंसही हा फरक लागू आहे. "द्ध" आणि "द्द", "ष्ट" आणि "ष्ठ" यांतील भेद ज्यास डोळे किलकिले करून शोधावा लागतो, त्याचें लेखन शुद्ध कसें व्हावें? ठिपक्यांखेरीज पडद्याची जातही पाहावी. टी.एन. जातीचा पडदा समोरून बरा दिसतो, परंतु किंचित् बाजूस सरलें कीं रंग पालटतात, आय.पी.एस. जातीचा पडदा बाजूनेंही खरा दिसतो. भावंडांनीं शेजारीं बसून एकाच पडद्यावर अभ्यास करावयाचा तर दुसरा हवा.

येथें आमच्या हातून एक चूक झाली, आणि ती लपविणें शिक्षकास शोभणारें नाहीं. पडद्यास मदरबोर्डाशीं जोडणारी एक बारीक तार असते. तिच्या टोंकाशीं कांहीं यंत्रांत ३० तर कांहींत ४० टांचण्या असतात. आम्हीं जुना पडदा न उघडतां केवळ आकार मोजून नवा मागविला. तो आला ४० टांचण्यांचा, आणि यंत्रांतील तार निघाली ३० टांचण्यांची. तो परत पाठविण्यांत तीन आठवडे गेले आणि वाहतुकीचा खर्च आमच्या खिशांतून गेला. तेवढ्या दिवसांत मुलानें मात्र एक गोष्ट आपण होऊन केली. त्यानें जुना पडदा अलगद सोडविला, त्याच्या पाठीवरील चिठ्ठींतील क्रमांक उतरवून घेतला, टांचण्या मोजल्या, आणि यंत्राच्या दुरुस्तीपुस्तकाशीं ताडून पाहिल्या. दुसरा पडदा त्यानें निवडला, आणि तो पहिल्याच वेळीं बसला. मोजण्याआधीं मागवूं नये, हा धडा आम्ही वर्गांत अनेकदां देत आलों होतों. त्या दिवशीं तो आम्हांस विद्यार्थ्यानें दिला.

तिसरें अंग कळफलकाचें. आणि आमच्या मतें हेंच सर्वांत उपेक्षित आहे. साठवणीची गति घड्याळानें मोजतां येते, पडद्याचा फरक डोळ्यांस दिसतो. परंतु कळफलक हा बोटांचा विषय आहे, आणि बोटें तक्रार करीत नाहींत, तीं फक्त दमतात. बाजारांतील जवळजवळ प्रत्येक लॅपटॉपवर केवळ रोमन अक्षरें कोरलेलीं असतात. त्यामुळें मराठी मूल आपलें नांवही रोमन अक्षरांत कल्पून मग मराठींत उतरवितें. हें उसन्या चपलांनीं चालण्यासारखें आहे.

याची गरज नाहीं. भारतीय लिप्यांसाठीं इनस्क्रिप्ट नांवाची कळफलकाची मांडणी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें १९८६ सालीं ठरविली, आणि १९९१ सालीं भारतीय मानक संस्थेनें ती मानकांत घेतली. हिची रचना आपल्या वर्णमालेच्या रचनेसच अनुसरून आहे. मात्रा व स्वर बहुतेक डाव्या हाताखालीं, व्यंजनें बहुतेक उजव्या हाताखालीं. "क" ज्या कळेवर, तीच शिफ्टसह दाबली कीं "ख". "त"बरोबर "थ", "प"बरोबर "फ", "ल"बरोबर आपला "ळ". ज्यास बाराखडी येते त्याचा निम्मा अभ्यास आधींच झालेला असतो. एवढेंच नव्हे, बंगाली वा गुजराती लिहितांनाही "क" त्याच कळेवर सांपडतो. प्रा. र. कृ. जोशी यांच्यासारख्या अक्षरशिल्पी माणसानें "मंगल" हा देवनागरी टंक रेखिला व तो विंडोज २००० बरोबर जगभर गेला. "ॲ" या आपल्या अक्षरास युनिकोडच्या यादींत २००८ सालीं स्वतंत्र स्थान मिळालें. इतक्या लोकांनीं इतकें करून ठेविलें असतां आपण कळेवर चार अक्षरें चिकटविण्याचाही आळस करावा काय?

मुक्या कळांचा तो कळफलक आम्हीं काढून नवा बसविला. त्याची जोडपट्टी कागदासारखी पातळ असते. तिच्या खांचेवरील चिमुकली कडी नखानें उचलल्यावांचून ती ओढूं नये, नाहीं तर खांच तुटते. मग बहिणीनें प्रत्येक कळेवर देवनागरी अक्षराची पारदर्शक चिकटपट्टी लावली. एरवीं नुसती अडथळा करणारी कॅप्स लॉकची कळ तिनें भाषा बदलण्याच्या कामास लाविली. पहिला महिना तिची गति रोमन पद्धतीहूनही मंद होती, आणि ती दोनदां रडकुंडीस आली. तिसऱ्या महिन्यांत ती कळांकडे न पाहतां लिहूं लागली, आणि पुढें त्या पदास लागणारी मिनिटास ३० मराठी शब्दांची गति तिनें गांठली. कळफलक जर तिच्या भाषेचा झाला नसता, तर हें एवढ्या लवकर झालें असतें असें आम्हांस वाटत नाहीं.

यंत्र आपल्या हातास जुळवून घेण्याची ही हौस एकट्या आमचीच नव्हे. थिंकपॅड नांवाच्या यंत्रांचा कळफलक पूर्वीं सात ओळींचा असे. २०१२ च्या मालिकेंत तो सहा ओळींचा झाला. ज्यांचीं बोटें जुन्या मांडणीस सरावलीं होतीं, त्यांनीं आदल्या वर्षीचे कळफलक मिळवून, त्यांतील कांहीं टांचण्या झांकून, व यंत्राच्या आंतील नियंत्रक आज्ञावलि बदलून ते नव्या यंत्रांत बसविले. अमेरिकेंत फ्रेमवर्क नांवाच्या कंपनीनें २०२१ सालीं असा लॅपटॉप बाजारांत आणला, कीं ज्याचें प्रत्येक अंग ग्राहकानें स्वतः बदलावें. फ्रान्सनें त्याच सालापासून लॅपटॉपसारख्या वस्तूंवर त्या कितपत दुरुस्त होऊं शकतात याचे गुण छापणें बंधनकारक केलें. आपल्या केंद्र सरकारनेंही २०२२ च्या अखेरीस दुरुस्तीच्या हक्काविषयीं माहिती देणारें दालन उघडलें. म्हणजे लोहाराचें तत्त्व आतां कायद्याच्या भाषेंत बोलूं लागलें आहे.

आमच्या मताविरुद्ध जें म्हणण्यासारखें आहे तेंही सांगितलें पाहिजे. जुन्या यंत्राची बॅटरी थकलेली असते. फुगलेली दिसल्यास यंत्र घेऊंच नये. तें जड असतें, अडॅप्टर विटेएवढा असतो, व वीजही अधिक लागते. सर्वांत गंभीर आक्षेप हा, कीं विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि विंडोज ११ साठीं टी.पी.एम. २.० ही सुरक्षेची सोय व इंटेलचा असल्यास सामान्यतः आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर लागतो. याहून जुन्या यंत्रावर लिनक्स उत्तम चालतें, व लेखन-वाचनास तें पुरेसें आहे. परंतु ऑटोकॅड किंवा सॉलिडवर्क्स लिनक्ससाठीं बनविलेलीं नाहींत, म्हणून आराखडे शिकणाऱ्यानें आठव्या पिढीच्या मागें जाऊं नये. आणि ज्याचा मदरबोर्डच सदोष आहे असें यंत्र कितीही स्वस्त मिळालें तरी घेऊं नये. कुजलेल्या दांड्यास नवा फाळ लावण्यांत शहाणपण नाहीं.

ज्यांस हें काम करावयाचें असेल त्यांस चार सूचना. तार काढावी व बॅटरी सोडवावी, मगच आंत हात घालावा. आपल्याकडील कोरड्या उन्हाळ्यांत अंगांत स्थिर वीज सांचते. म्हणून आधीं जमिनीस जोडलेल्या धातूस स्पर्श करावा, आणि टेरिलिनच्या चादरीवर बसून काम करूं नये. कागदावर यंत्राची आकृति काढून, जेथला स्क्रू तेथेंच चिकटपट्टीनें लावून ठेवावा. यंत्र उघडलेंच आहे तर पंख्यांतील धूळ व कापसाचे तंतूही काढावे; पंखा गुदमरला कीं चिप तापते व आपली गति आपणच कमी करते. आणि निघालेले निकामी भाग उकिरड्यावर टाकूं नयेत किंवा जाळूं नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणें ते नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे जावयास हवेत.

पालकांस आमची विनंति एवढीच, कीं मूल स्क्रू-पाना हातीं घेऊन बसलें तर "मोडशील" असें म्हणून त्यास उठवूं नका, शेजारीं बसा. मोडलें तर एक पट्टी मोडेल. परंतु जें यंत्र आपण उघडलें नाहीं, ज्याच्या आंत काय आहे हें आपणांस ठाऊक नाहीं, आणि ज्याचे हप्ते अजून फिटावयाचे आहेत, तें यंत्र घरांत असूनही आपलें नसतें.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस असें सांगणें आहे. त्या मुलाचें यंत्र आज वर्गांतल्या सर्व यंत्रांत जाड आहे, त्याच्या झांकणावर ओरखडे आहेत, आणि मित्र त्यास "बंडी" म्हणून हिणवितात. परंतु मित्रांपैकीं कोणाचें यंत्र अडलें म्हणजे ते दुकानाआधीं त्याच्याकडे येतात. तो स्क्रू काढतो, कागदावर क्रमानें लावून ठेवतो, आणि प्रथम मोजतो.